पाय न टेकता

३ ऑक्टोबर १९७८

आज आरोग्य केंद्रावर अलिबागहून दोन सायकली आल्या. लेडीज, हिरव्या रंगाच्या, पुढे टोपली, मागे कॅरिअर. डॉक्टरसाहेबांनी आम्हा दोघी नर्सना अंगणात बोलावलं आणि विचारलं, "सायकल कोणाला येते?"

मला येत नव्हती. रहिमा मुकादमने शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. ही जूनमध्ये नोकरीला लागली. बापाचं शिळफाट्याला सायकल दुरुस्तीचं दुकान, म्हणजे बाई चालायच्या आधी सायकलच शिकल्या असतील. तिने साडीच्या निऱ्या पिनेने बांधल्या आणि अंगणाला चकरा मारल्या. शेवटची चक्कर एक हात सोडून. डॉक्टरसाहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

माझ्या कुठल्या कामाला त्यांनी टाळी वाजवली होती, ते मला आठवेना. गेल्या पावसात ओढ्याच्या पाण्यातून पलीकडे जाऊन उंबरवाडीला जुळ्यांचं बाळंतपण केलं, तेव्हा म्हणाले होते, "रजिस्टरमध्ये नोंद केलीत ना?"

मग त्यांनी फर्मान काढलं. "ठोंबरे सिस्टर सायकल शिकेपर्यंत उंबरवाडी आणि पळसवाडी रहिमा बघेल. सिस्टर, तुम्ही खालची गावं घ्या. तुमचे पायही थोडे विश्रांती घेतील."

माझ्या पायांनी कधी विश्रांती मागितली? टेपाडाच्या चढणीवरचा दगड न् दगड मला ओळखतो. त्या दोन वाड्यांतली निम्मी पोरं माझ्या हातांत जन्माला आली. आणि त्या आता रहिमाच्या. का, तर तिला चाकांवर बसता येतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग शीक की. त्यात काय हाय?" हे रोज मोहोपाड्याला कंपनीत सायकलने जातात. ह्यांना काय कळणार.

५ ऑक्टोबर

शाळेमागच्या माळावर ह्यांनी शिकवायला सुरुवात केली. मागून सीट धरून धावतात आणि ओरडतात, "पुढं बघ! चाकाकडं नको बघू!" मी चाकाकडेच बघते. चाकाकडे बघितलं नाही तर ते कुठे जाईल याचा भरवसा काय?

आज तीनदा पडले. एकदा करवंदीच्या जाळीत. गुडघा फुटला, कोपर सोललं, साडीची किनार चेनमध्ये जाऊन फाटली. वय एकतीस, आणि गावातल्या बायका पाण्याला जाताना उभ्या राहून बघतात. धोंडूबाई सुईण तर हंडा खाली ठेवून बसलीच. "शकूबाय, हाडं मोडून घेशील गं! त्या रहिमाला बघ, कशी पाखरावानी जाते."

पाखरावानी! इतकी वर्षं धोंडूबाईला मी हात धुवायला शिकवलं, ब्लेड उकळायला शिकवलं, आणि आता पाखरू रहिमा.

ह्यांनी गुडघ्याला हळद लावली. म्हणाले, "उद्या ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, उद्याही जायचं.

१४ ऑक्टोबर

आले! केंद्रापासून चौकाच्या रस्त्यापर्यंत गेले आणि वळून परत आले. कोणी सीट धरलं नव्हतं. परतताना लक्षात आलं, मी मोठ्याने हसत होते. अगदी एकटीच.

अंगणात रहिमा औषधाच्या बाटल्या धूत होती. मला बघून धावत आली. "बाई! आलं तुम्हाला!" आणि माझे दोन्ही हात धरले. तिच्या हाताचा साबण माझ्या हातांना लागला. मी हात सोडवून घेतले. मोठ्या माणसाने लहान मुलाचं कौतुक करावं तसं ते मला वाटलं. माझं कौतुक करणारी ही कोण?

डॉक्टरसाहेबांना सांगितलं की आता वरच्या वाड्या मला द्या. ते म्हणाले, "सपाटीवर येणं वेगळं, सिस्टर. पुढच्या आठवड्यापासून दोघी मिळून जा. मग बघू."

२४ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा दोघी सायकलवर उंबरवाडीला.

सगळं लिहून ठेवते, कारण अंग इतकं ठणकतंय की झोपून जाईन आणि उद्या वाटेल, तितकं वाईट नव्हतं. होतं तितकं वाईट.

ओढ्यापर्यंत बैलगाडीची वाट आहे, तिथवर ठीक. ओढ्यानंतर टेपाडाची चढण सुरू होते. चालताना ती चढण मला कधीच मोठी वाटली नव्हती. सायकलवर ती भिंत झाली. पावसाने वाट मधोमध खरवडून नेलेली, दोन्ही बाजूंना सुटे गोटे. पुढचं चाक गोट्यावर चढलं की हँडल हातातून हिसकलं जातं. मांड्या पेटतात. छातीत भाता चालल्यासारखा आवाज. आणि या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे मनात एकच घोकणी चालू होते, आता पडणार, आता पडणार. आणि मग पडतेच. खरं तर पडते त्याच्या आधीच मी पाय टेकते. दम शिल्लक असतो, धीर संपलेला असतो.

किती वेळा पाय टेकला ते मोजलं नाही. अर्धी चढण सायकल ढकलतच गेले. ढकलायची सायकल ही बैलापेक्षा जड असते.

रहिमा पाय न टेकता वर गेली. सीटवरून उठून, अंग हँडलवर झुकवून, या गोट्याला बगल दे, त्या गोट्याला बगल दे, अशी. वर खिंडीतल्या आंब्याखाली उतरून माझी वाट बघत बसली. मी पोचले तेव्हा तिने पाण्याची बाटली पुढे केली.

"बाई, दगडाकडे बघायचं नाही. जिथून जायचंय ना, तिथं बघायचं. सायकल आपोआप जाते."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. तहान लागली असूनही पाणी घेतलं नाही.

वाडीत पोरं तिच्या सायकलीमागे धावली. माझ्या सायकलीकडे कोणी बघितलं नाही. खाली येताना मी दोन्ही ब्रेक गच्च दाबून उतरले, बोटं वळेनाशी झाली. ती मागे राहिली होती. वाटलं, मुद्दाम मागे राहते, माझी फजिती नीट दिसावी म्हणून.

६ नोव्हेंबर

आवडीला सातवा महिना लागलाय. जैतूची बायको. जैतू म्हणजे उंबरवाडीतली शेवटची झोपडी, शेवटचा झाप, लाकूड तोडायला जातो तो. आवडीचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्या वेळी ती दोन दिवस माझा हात सोडत नव्हती. तेव्हापासून मला बघितलं की तिचा चेहरा उजळायचा.

आता कधी दोघी, कधी पाळीने एकेकटी जातो; आज माझी एकटीची पाळी होती. झापाच्या दारात सायकल टेकवली, आवडी बाहेर आली, माझ्या मागे वाटेकडे बघितलं आणि म्हणाली, "रहिमाबाय नाय आली?"

मी म्हटलं, "का, मी पुरत नाही?"

ती ओशाळली. "तसं नाय गं बाय. ती म्हनली व्हती का येताना तुजी गंमत सांगते. शकूबाय कशी पोरं सोडवते ते सांगते ना ती. आमी सगल्या बसतो ऐकत."

माझी गंमत सांगते! बायकांना जमवून माझ्या नकला करत असेल, आणखी काय. मी आवडीचं पोट तपासलं, मूल सरळ आहे, ठोके चांगले. रक्त मात्र कमी दिसतं. डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, पांढरी. लोहाच्या गोळ्या दिल्या. म्हटलं, रहिमाबाय आली तर तिलाही सांग पापणी बघायला.

सांगितल्यावर वाईट वाटलं. आवडीला नव्हे, मला.

१५ नोव्हेंबर

रहिमाच्या प्रश्नांनी जीव नकोसा केलाय. जेवताना, सुया उकळताना, सायकल ढकलताना. पायाळू मूल आलं तर आधी काय करायचं? वार पडली नाही तर किती थांबायचं? गर्भाशय घट्ट झालंय हे हाताला कसं कळतं? नर्सिंगच्या शाळेत काय शिकवलं मग हिला?

मला आता तिचा डाव दिसतोय. सायकल आहेच. बाळंतपणाचं कसब एवढंच माझ्याकडे उरलंय, तेही काढून घ्यायचं. मग ठोंबरे सिस्टर कशाला हवी? मी "हो", "नाही", "बघून कळतं" एवढीच उत्तरं देते.

गंमत अशी, की हिच्या एकटीच्या पाळीत एकही बाळंतपण झालेलं नाही. कळा सुरू झाल्या की हिचा निरोप येतो, "बाईंना बोलवा." मी जाते, मी करते, ही दिवा धरून उभी. लोकांना वाटत असेल, किती मान देते मोठ्या बाईला. तिचे हात थरथरत होते परवा. थंडी असेल.

२१ नोव्हेंबर

हे रविवारी माझी सायकल शिळफाट्याला नेऊन ओव्हरऑइलिंग करून आले. रहिमाच्या बापाच्या दुकानात. मी म्हटलं, दुसरं दुकान नव्हतं? हे म्हणाले, "रमजानभाईवानी हात कुनाचा नाय. आन् रहिमा सोता बसली व्हती ना तितं. लय चांगली पोर हाय."

"लय चांगली" हे दोनदा म्हणाले. मी भाजीत मीठ टाकायला विसरले. ह्यांनी तशीच खाल्ली.

३ डिसेंबर

आज मी टेपाडाची चढण पाय न टेकता चढले.

पुन्हा लिहिते. पाय न टेकता!

गेले दहाबारा दिवस मी रोज सकाळी ड्यूटीच्या आधी ओढ्यापर्यंत जाऊन एकटीच प्रयत्न करत होते. कोणाला सांगितलं नव्हतं. रोज जरा वर जायचे. कळत होतं की मांड्या घट्ट होताहेत. सपाटीवर मात्र पाय उगाच गरगर फिरतात, सायकल पूर्वीइतकी पळत नाही. पण चढणीला ती जणू स्वतःहून उचलते. मनाचंही एक जमलं. आता पडणार, हे घोकणं सुरू झालं की मी दुसरं काहीतरी म्हणत राहते. आज आत्तापर्यंत सोडवलेल्या बाळांची नावं म्हणत होते. जना, लहान नागू, जुळी. खरवडलेल्या वाटेच्या वरच्या वळणाला मागचं चाक घसरलं, तरी नावं थांबवली नाहीत. आणि मग एकदम पायडल हलकं झालं. बघते तर खिंड. आंबा.

उतरले आणि तिथेच बसले. घामाने पोलकं भिजलेलं, ढोपरापर्यंत माती. खाली खालापूरची भाताची कापलेली शेतं पिवळी दिसत होती. इतकं सुख मला कधी झालं होतं ते आठवत नाही.

केंद्रावर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. रहिमाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ती इतकी हसली की मला वाटलं, आतून जळत असणार.

१० डिसेंबर

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

आज ब्रेकची रबरं बदलायला मी स्वतः शिळफाट्याला गेले. रमजानभाईंनी चहा मागवला. पांढरी दाढी, हात ग्रीसने काळे. माझ्या सायकलीचं मागचं चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, "फ्रीव्हील बरोबर चाललंय ना, बाई? चढन कशी जातेय?"

मी म्हटलं, फ्रीव्हील म्हणजे ते मागचं दातेरी चक्र? त्याचं काय?

"आवं, मोठं टाकलंय ना. जास्त दातांचं. चढनीला हलकं जातं, सपाटीला जरा मार खातं. असलं फ्रीव्हील मिळत नाय इकडं, पोरीसाठी मुंबईवरनं आनलेलं. ती म्हनली, अब्बा, माझं काढा नि बाईंच्या सायकलीला लावा. त्यांना लय तरास होतोय. मला कसंबी चालतं." ते हसले. "तुमच्या मालकांना ठाऊक हाय की. सांगितलं नाय?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

म्हणजे माझ्या मांड्या घट्ट झाल्याच नव्हत्या. मनाने जिंकलं, बाळांची नावं घेतली, सगळं खोटं. तिचं चाक होतं ते. आणि ती? ती हे सगळे दिवस माझं जड फ्रीव्हील घेऊन चढत होती. तरी पाय न टेकता. तरी माझ्या आधी खिंडीत.

मी रमजानभाईंना म्हटलं, "आत्ताच्या आत्ता काढा. माझं होतं ते मला द्या. तिचं तिला."

"आवं पन बाई..."

"काढा म्हणते ना."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. चहा तसाच राहिला. रहिमाची सायकल दुकानातच होती. त्यांनी दोन्ही चाकं उतरवली आणि अदलाबदल केली. सगळा वेळ मी रस्त्यावरचे ट्रक बघत उभी राहिले.

घरी ह्यांच्याशी भांडले. हे म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हनून केलं त्या पोरीनं. सांगू नका म्हनली, बाईंना आवडायचं नाय." मी म्हटलं, माझ्या मागे तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलता? हे उठले. बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

१३ डिसेंबर

रहिमा मला काहीच बोलली नाही. सायकल बघून तिला कळलं असणार. आज तिने प्रश्न विचारले नाहीत. केंद्रात किती शांत वाटलं. बरं वाटलं, असं लिहिणार होते.

जड चाकावर चढण अर्ध्यावर सुटते.

१९ डिसेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

रहिमा सकाळी उंबरवाडीला गेली होती. आवडीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दुपारी मी केंद्रावर डबा उघडून बसले होते, तेवढ्यात जैतू आला. धावत आलेला, उघड्या छातीवर घाम. दारातच उभा राहिला.

"पोर झाली," तो म्हणाला. "रहिमाबाय बोलावते तुला."

"झाली ना? रडली?"

"रडली."

"मग आता मी कशाला?"

तो खाली बघत राहिला. मला वाटलं, झालं नेहमीचं. मूल झालं, तरी बाईंना बोलवा. नाळ कापायलाही मीच हवी. आज करू दे तिला एकटीला. मी भाकरी संपवली. डबा धुतला. पिशवी भरली, तीही सावकाश, कापूस नीट गुंडाळत. जैतू ओट्याच्या कडेला उकिडवा बसला होता. मी सायकल काढली तेव्हा तो उठला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "रगात थांबत नाय बाय तिचं."

बायकांचं ते. पुरुषाच्या तोंडातून लवकर निघालं नाही. आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतरची वाट मला तुकड्यातुकड्याने आठवते. ओढा. चढण. जड फ्रीव्हील. पायडल पायाखाली जातच नव्हतं. उभी राहून सगळं अंग त्याच्यावर टाकलं. घसा सुकला, तोंडात लोखंडाची चव आली. वळणाच्या अलीकडे सायकल थांबली. मी पाय टेकला. पुन्हा चढले, पुन्हा टेकला. मग वाटेतच सायकल टाकली आणि पिशवी पोटाशी धरून धावत सुटले. हलकं चाक असतं तर चढून गेले असते. ते मी माझ्या हाताने काढायला लावलं होतं. प्रत्येक पावलाला हेच डोक्यात होतं. आवडीची पांढरी पापणी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

झापात रहिमा गुडघ्यांवर बसली होती. पोर जैतूच्या म्हातारीच्या मांडीवर. आवडीच्या खालची गोधडी काळी झाली होती. रहिमाचा चेहरा आवडीपेक्षा पांढरा.

"इंजेक्शन दिलं, बाई. वार पडली. तरी थांबत नाही. पोट मऊच लागतंय. मी दाबतेय, पण मला कळत नाही बरोबर दाबतेय का." तिचे हात पाखराच्या पंखांसारखे फडफडत होते.

मी तिचे हात बाजूला केले आणि माझे ठेवले. गर्भाशय ओल्या कणकेसारखं. चोळलं, दाबलं, मूठ खाली धरली. पोरीला छातीशी लावायला सांगितलं. कितीतरी वेळाने ते हाताखाली जरासं घट्ट झालं. हात सैल केला की पुन्हा मऊ. नाडी बारीक, पळणारी. हिला सलाइन हवं, रक्त हवं, कर्जतचा दवाखाना हवा. आणि माझा हात इथून हलता कामा नये.

जैतू धावून धावून संपलेला. झोळी बांधायला, उचलायला गडी लागणार. खाली जाऊन डॉक्टरसाहेबांना सलाइन घेऊन वर आणायचं, रस्त्यावर गाडी उभी करायची, तेही लगेच.

रहिमा माझ्याकडे बघत होती. खाली कोण जाणार, ते ती विचारत नव्हती. तिने विचारलं असतं तर सोपं झालं असतं.

मी म्हटलं, "सायकल घे. तू जा. तुझ्यासारखं या उतारावरून कोणी जाऊ शकत नाही. मी नाही जाऊ शकत."

हे शब्द टेपाडाच्या चढणीपेक्षा जड होते. पण एकदा बाहेर पडल्यावर त्यांचं काहीच वजन राहिलं नाही.

ती उठली. मी ओरडले, "सांभाळून जा गं!" तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. गोट्यांवरून सायकलीचा खडखडाट उतरत गेला आणि ऐकू येईनासा झाला.

मी आवडीचं पोट धरून बसले. गड्यांनी घोंगडीची झोळी केली. अर्ध्या वाटेपर्यंत मी झोळीच्या बाजूने वाकून चालले, हात न काढता. तिथे डॉक्टरसाहेब भेटले, सलाइनची बाटली हातात, बूट चिखलाने भरलेले. खाली टेंपो उभा होता.

आवडी कर्जतला आहे. जगेल म्हणतात. पोरही.

रहिमा उतारावर पडली होती. गळ्याखालचं हाड मोडलं. तशीच उठली, एका हाताने सायकल धरून पुन्हा बसली आणि केंद्रावर पोचली. डॉक्टरसाहेबांना सगळं नीट सांगितलं, आणि मग अंगणात बसकण मारली.

२२ डिसेंबर

सगळ्या तालुक्यात एकच गोष्ट. मोडक्या हाडाने सायकल हाणणारी नर्स. चौकाच्या धाब्यावरही तीच. धोंडूबाई तर जणू स्वतः कॅरिअरवर बसून आली होती, अशा थाटात सांगते. तासभर हात न काढता बसलेल्या बाईबद्दल कोणी बोलत नाही. बसण्यात काय सांगण्यासारखं?

मला आजही हेवा वाटला. खोटं कशाला लिहू. तिच्या गळ्यातल्या झोळीचासुद्धा वाटला. आणि त्याच वेळी, जेवताना भाकरी हातात घेतली की ती दुपारची भाकरी आठवते आणि घास उतरत नाही.

३१ डिसेंबर

शिळफाट्याला रहिमाच्या घरी गेले. मनात ठरवून गेले होते की सांगायचं, मी उशीर केला. रमजानभाईंनी खुर्ची पुसून दिली, मागचं काही घडलंच नाही असे वागले. रहिमा पलंगावर बसली होती, हात बांधलेला.

मी सुरुवात केली, "रहिमा, त्या दिवशी जैतू आला तेव्हा मी..."

"मला वाटलं होतं तुम्ही यायच्याच नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही रागावला होतात ना माझ्यावर. मी सारखी दाराकडे बघत होते. मग तुम्ही आलात. धावत. पायात चप्पल नव्हती तुमच्या." तिचे डोळे भरले. "सायकल काय, बाई, कोणालाही येते. मला बाळंतपणाची भीती वाटते. शिकत होते तेव्हा एक बाई माझ्यासमोर गेली. तेव्हापासून हात थरथरतात. म्हणून तुम्हाला इतकं विचारायचे. तुम्हाला बघितलं की वाटतं, आता काही होणार नाही. वाडीतल्या बायकांनाही मी तेच सांगते."

सांगायला गेलेलं तसंच परत घेऊन आले. निघताना एवढंच म्हटलं, "हाड जुळलं की माझ्याबरोबर ये. दिवा धरायला नाही."

२८ जानेवारी १९७९

आज पळसवाडीला पोशाच्या सुनेचं बाळंतपण. पहिलटकरीण. रहिमाचा हात आता मोकळा आहे, पण सायकल अजून धरायची नाही, म्हणून तिला कॅरिअरवर बसवून नेलं. चढणीला दोघी उतरलो आणि सायकल ढकलत गेलो. गेले पंधरा दिवस रोज तिला शिकवतेय. मडक्यावर, कणकेच्या गोळ्यावर, माझ्या पोटावरसुद्धा. आज म्हटलं, आत तू जा. मी बाहेर बसते.

"बाई, नको."

"हाक मारलीस तर येईन. मारल्याशिवाय येणार नाही."

बाहेर दगडावर बसले. ते बसणं! आतून कण्हण्याचा आवाज आला की पाय आपोआप उठायचे. मांड्यांवर हात दाबून बसले. आता ती पाठ चोळत असेल. आता डोकं दिसत असेल. आता घाई करू नको गं, हळू, हळू येऊ दे. एकदा सगळं गप्प झालं. मी उठले. पुन्हा बसले. हाक आली नव्हती.

मग मूल रडलं. चांगलं खणखणीत. बायकांचा गलका उठला, "रहिमाबाय! रहिमाबाय गं!" आणि माझ्या छातीत ती जुनी कळ आली, नेहमीच्या जागी. या वाडीत हे नाव माझं होतं. मी ती येऊ दिली.

रहिमा दारात आली. कोपरापर्यंत हात ओले, केस कपाळाला चिकटलेले. पोशा काहीतरी म्हणत होता, घरातली म्हातारी तिच्या डोक्यावरून हात ओवाळत होती. ती कोणाकडेच बघत नव्हती. मी कुठे बसलेय ते शोधत होती.

"बाई, झालं," ती म्हणाली.

"वार?"

"अजून नाही पडली."

"मग बाहेर काय करतेस? पोटावर हात कोणाचा आहे तिच्या?"

ती गर्रकन वळून आत गेली. मी दगडावर बसून राहिले. आता ती बाहेर आली, की तिला शाबास कसं म्हणायचं आणि त्या दुपारच्या उशिराचं कसं सांगायचं, ते शब्द जुळवत होते.